क्रुपया आत येवू नये

पेंटरने खुराड्याचं दार उघडलं आणि वन्स बाहेर आल्याच नाहीत. बाकीच्या कोंबड्या उंबऱ्यातच घुटमळल्या. त्या परसात शिस्तच तशी होती. आधी वन्स बाहेर पडणार, सगळं आवार नजरेखालून घालणार, पेंटरच्या चपलेला एक टोच मारणार, आणि मग इतरांनी यायचं. पेंटरने वाकून आत पाहिलं. वन्स कोपऱ्यात पिसं फुलवून बसल्या होत्या. डावा डोळा मिटलेला, तुऱ्यावर काळपट फोड, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जे काही झालंय त्यात पेंटरचीच चूक आहे.

वन्स म्हणजे तांबडी कोंबडी, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे हे कुणाला वेळेवर न कळल्यामुळेच सगळा घोळ झाला. नाव ठेवलं होतं पेंटरच्या बायकोने. पेंटरला एक थोरली बहीण होती. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, सगळ्या गावाची ‘बाई’, पेंटरची ताई आणि त्याच्या बायकोची नणंद, म्हणजे वन्स. ही कोंबडी पिल्लू असल्यापासून मान ताठ ठेवून चालायची आणि कुणी काही करत असलं की नेमकी चुकलेल्या जागी चोच मारायची. “खऱ्या वन्सना आयुष्यात उलट बोलता आलं नाही,” बायको म्हणायची, “हिला निदान ‘वन्स, व्हा बाजूला’ असं म्हणता तरी येतं.” आणि स्वतःच इतकी हसायची, की ओंजळीतले दाणे सांडायचे.

बायको गेली, त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. मूलबाळ नव्हतं. पेंटर दिवसभरात जे काही बोलायचा ते वन्सशी. बाकीच्या कोंबड्या दाणे संपले की पाठ फिरवायच्या. वन्स मात्र ऐकून घ्यायच्या आणि मध्येच ‘क्वॉक’ करून हरकत नोंदवायच्या. ज्याच्या बोलण्याला हरकत घ्यायलाही घरात कुणी उरलेलं नाही, त्याला हा केवढा आधार असतो, ते ज्याचं त्यालाच माहीत. त्यामुळे वन्सचा डोळा मिटलेला पाहिल्यावर पेंटर चहा गॅसवर तसाच टाकून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाला.

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. वयाने लहान होत्या, पण बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत शिरल्या तेव्हा पेंटरला एकदम धाक वाटला.

“देवी आहेत काका.”

“कोण?”

“कोंबड्यांना देवी येतात ना, त्या. विषाणूचा रोग. एकीचा दुसरीला होतो, डासही पसरवतात.”

“मग औषध द्या ना.”

“याच्यावर औषध नाही. खपल्यांना आयोडीन लावायचं, डोळा कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचा, दिसत नाही तोवर हाताने भरवायचं. खपल्या गळून पडल्या की सुटलो. बाकीच्यांना मी लस टोचते. साचलेलं पाणी सगळं ओतून टाका. आणि हिला वेगळं ठेवा. एकटीला.”

“एकटीला? तिला सवय नाही हो.”

“होते सवय.”

“कुणाला होते?” पेंटर म्हणाला. डॉक्टरीणबाई सुई भरण्यात गुंतल्या होत्या, त्यांनी नुसतंच ‘हं’ केलं.

जाताना त्यांनी पिशव्या बुटांवरून काढल्या, हात धुतले आणि फाटकाकडे बोट दाखवलं. “तिथे एक पाटी लावा. गल्लीत अजून दोन-तीन घरी कोंबड्या आहेत. लोक आत येणार, चपलेला लागून घरी घेऊन जाणार. माणसांना काही होत नाही, पण कोंबड्यांची वाट लागेल.”

“आत कुणी येत नाही हो.”

“तरी लावा काका.”

आता पेंटरला पाटी लावा म्हणणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? एके काळी गावातली एकूण एक पाटी याच्या हातची होती. अक्षर असं, की माणूस दुकानात काही घ्यायचं नसलं तरी उभा राहून वाचायचा. पुढे मशीनवर छापलेले फलक आले आणि ब्रश डब्यात वाळून गेले. पण त्या सुंदर अक्षरांत एक खोट होती. ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, पेंटरला सगळं सारखंच. जिथे जागा मोकळी दिसेल तिथे वेलांटी द्यायची, असा त्याचा हिशेब. ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ म्हणजे ज्या बाजूने ती जास्त शोभेल ती, असंच त्याला वाटायचं.

आणि सख्खी बहीण मराठीची शिक्षिका! भाऊ गावभर अशुद्ध रंगवत सुटलाय आणि बहीण वर्गात शुद्ध शिकवतेय. पोरं म्हणायची, “बाई, दुकानावर तर ‘शुध्द दुध’ लिहिलंय.” बाई म्हणायच्या, “दुकानावर आहे ते लिहायचं नाही. दुकानावर आहे त्याच्या बरोबर उलट लिहायचं.” पिढ्याच्या पिढ्या या एका नियमावर पास झाल्या.

हसण्यावारी चाललं होतं तोवर चाललं. बायको गेल्यावर पेंटरने फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक बाक बसवला. बायकोला येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गप्पा मारायची खोड होती, म्हणून. आणि बाकाच्या पाठीवर, आयुष्यातलं सगळं कसब ओतून, त्याने लिहिलं: ‘तिच्या स्मृतीप्रित्यर्थ’. माणसं जमली होती. ताईने पुढे होऊन ते वाचलं आणि म्हणाली, “ऱ्हस्व हवा तिथे दीर्घ आणि दीर्घ हवा तिथे ऱ्हस्व. एका शब्दात दोन्ही चुकवलंस.”

“माझी बायको गेली आणि तुला वेलांटी दिसते?” पेंटर ओरडला. सगळ्यांसमोर. ताई पर्स उचलून निघून गेली. ती आता बसने दोन तासांवरच्या गावी राहायची. तेव्हापासून तिचा फोन नाही, आणि याचा तर नाहीच. बाकावर सुरुवातीला लोक बसले, मग पेंटरची काय बोलावं ही अडचण आणि लोकांचीही तीच अडचण, असं होत होत बाकावर पानंच बसायला लागली.

त्यानंतर ब्रश हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. पेंटरने जुना पत्रा घासला, पांढरा हात दिला, आणि लाल अक्षरांत चार ओळी काढल्या:

सुचना
कोंबड्यांना
साथिचा रोग
क्रुपया आत येवू नये

लांबून पाहिलं. ‘सु’चा उकार तर असा वळला होता, की त्याला स्वतःलाच भरून आलं. ताई बघेल तर तिच्या डोक्याची शीर उठेल, असंही त्याच्या मनात आलं. मग वाटलं, ती कशाला बघतेय. त्याने पाटी फाटकावर तारेने बांधली आणि वन्सना भरवायला आत गेला.

फाटकावर एक वेल होती. बायको असताना ती कापली जायची. आता ती वाट्टेल तशी लोंबत होती, आणि पाटीच्या बरोबर दुसऱ्या ओळीवर आडवी पडली होती. समोरच्या काकूंनी आपल्या गॅलरीतून पाटीचा फोटो काढला, त्यात ‘कोंबड्यांना’ हा शब्द वेलीखाली गडप झाला. काकूंनी फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पेंटरकाकांना साथीचा रोग. सर्वांनी काळजी घ्यावी. लांबून चौकशी करावी.’

सकाळी दूधवाला फाटकापासून चार हात लांब उभा होता, तोंडाला रुमाल बांधून.

“काका, कसंय आता?”

पेंटरला कोण आनंद झाला! कुणीतरी कोंबडीची विचारपूस करतंय. “डोळा उघडत नाही रे.”

दूधवाल्याने निरखून पाहिलं. “मला तर दोन्ही उघडे दिसतायत.”

“माझा नाही, वन्सचा. रात्रभर नुसत्या बसून होत्या. तोंडात दाणा घालावा तर थुंकतात.”

“बाई आल्यात होय? दाणा कशाला घालताय त्यांना?”

“अरे बाई नव्हे, कोंबडी! वन्स म्हणजे कोंबडी!”

“हो हो, कोंबडीच,” दूधवाला लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला. “तुम्ही जास्त बोलू नका काका. पडून राहा.” आणि पुढच्या प्रत्येक दारात दुधाबरोबर बातमी वाटत गेला, की पेंटरकाकांना ताप डोक्यात गेलाय, बरळतायत, सख्ख्या बहिणीला कोंबडी म्हणतायत.

झालं. दुपारपर्यंत फाटकाच्या खांबाला दोन डबे लटकले. इस्त्रीवाला सायकल थांबवून “काका, काही लागलं तर हाक मारा” असं ओरडून गेला. निवृत्त पोस्टमास्तर, जे हल्ली रस्त्यात दिसले तरी घड्याळात बघायचे, ते चक्क बाकावरची पानं झटकून बसले. आत यायला बंदी, पण बाक बाहेर होता ना! त्यांनी तिथून पेंटरशी मोठमोठ्याने गप्पा मारल्या, आणि पेंटर पायरीवर बसून, मांडीवर वन्सना घेऊन, मोठमोठ्याने उत्तरं देत राहिला.

“झोप लागते का?” पोस्टमास्तर ओरडले.

“नाही लागत,” पेंटर ओरडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारून युगं लोटली होती, त्यामुळे तो खरंच सांगून बसला. “घर खायला उठतं हो.”

पोस्टमास्तरांनी बाकावरचं आणखी एक पान झटकलं. “आमच्याकडे पण तसंच आहे,” ते म्हणाले, पण हळू म्हणाले, त्यामुळे पेंटरला ते ऐकू गेलं नाही.

आपण आजारी आहोत असा गल्लीचा समज आहे, हे संध्याकाळी एका डब्याबरोबर ‘लवकर बरे व्हा’ अशी चिठ्ठी आली तेव्हा पेंटरच्या लक्षात आलं. पहिल्यांदा तो तडक सगळ्यांना खरं सांगायला निघाला. फाटकापर्यंत गेला. बाकावर समोरच्या काकू बसल्या होत्या आणि त्याच्या बायकोची कसलीशी आठवण सांगत होत्या. तो तिथेच उभा राहून ऐकत राहिला. मग काकू म्हणाल्या, “खोकला आहे का हो?” आणि पेंटर, देवाशपथ सांगतो, खोटं बोलला नाही. त्याने फक्त खोकून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला. मास्क, हातमोजे, बगलेत वही. कुणीतरी कळवलं होतं. तो बाकाजवळ उभा राहूनच विचारू लागला.

“पेशंट आपणच?”

पेंटरने विचार केला. सरकारी माणसाशी खोकून भागणार नव्हतं. “नाही साहेब. पेशंट आत आहे.”

“नाव?”

“वन्स.”

“हे नाव झालं का? बरं, आपल्या कोण?”

“बहीण. म्हणजे बहिणीवरून नाव ठेवलंय.”

“वय?”

“चार.”

त्या माणसाने लिहिलेलं खोडलं. “चार वर्षांची बहीण? लक्षणं सांगा.”

“तुऱ्यावर खपल्या आहेत, डोळा चिकटलाय. आणि परवापासून अंडं नाही.”

“काय नाही?”

“अंडं. एरवी रोज देते.”

“अंडं कोण देतं रोज?” मागून आवाज आला.

आरोग्यवाला दचकून बाजूला झाला. बाकाच्या मागे, हातात कापडी पिशवी घेऊन, ताई उभी होती. मान ताठ. पेंटरने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा आत पायरीवरच्या टोपलीत बसलेल्या वन्सकडे.

“बाई, तुम्ही कोण?” आरोग्यवाल्याने विचारलं.

“ह्या खऱ्या वन्स,” पेंटर म्हणाला, “आणि ती टोपलीतली कोंबडी.”

आरोग्यवाल्याने वेल बाजूला करून पाटी पुन्हा वाचली, वही मिटली, मास्क काढला आणि दोघांनाही मनापासून नमस्कार करून तो चालता झाला.

ताई हललीही नाही. ती पाटी वाचत होती. ओठ हलत होते. ‘सुचना’वर एक भुवई वर गेली, ‘साथिचा’वर दुसरी. ‘क्रुपया’ला तिने डोळे मिटले. ‘येवू’ला मात्र तिला बाकाचा आधार घ्यावा लागला.

“गाव सोडलं तरी गल्लीचा ग्रुप मी सोडला नव्हता,” ती म्हणाली. “फोटो आला तेव्हा मला वाटलं, फोटोच बरोबर आला नसेल. एवढ्याशा पत्र्यावर इतकं चुकता येतं का माणसाला?” आणि तिने फाटकाची कडी काढली.

“अगं ताई, येऊ नये लिहिलंय!”

“‘येऊ’ नये कुठे लिहिलंय? ‘येवू’ लिहिलंय. अशुद्ध सूचना मी पाळत नाही,” ताई म्हणाली आणि आत आली.

आत येऊन तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर पेंटरच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. “ताप नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. “वाटेत दूधवाल्याने सांगितलं, बरळतोयस.” पेंटरने मान खाली घातली, तेव्हा त्याला ताईचे पाय दिसले. एका पायात काळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी. जन्मात कधी साडीची निरीसुद्धा न चुकलेली बाई दोन तास बसमध्ये तशी बसून आली होती. पेंटरने ही चूक तिला दाखवली नाही.

“आणि ही कोण?” ताईने कोंबडीकडे बोट केलं. “हिला माझं नाव कुणी ठेवलं?”

“तिने.”

“का?”

“तूच बघ ना, चालते कशी ते. म्हणजे, बरी झाली की बघ.”

ताईने कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने उघड्या डोळ्याने ताईकडे पाहिलं. दोघींनी एकाच वेळी मान तिरकी केली. पेंटरला हसू येणार होतं, पण ताईनेच आधी पदर तोंडाला लावला. “नेहमी म्हणायची, ‘वन्स, तुम्ही नसलात तरी घरात तुमचा वावर असतो,’” ती म्हणाली. “मला वाटायचं, प्रेमाने म्हणतेय.”

“प्रेमानेच म्हणायची गं.”

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या आणि आत आणखी एक माणूस पाहून उखडल्या. ताईने सांगितलं, की संध्याकाळच्या बसने ती परत जाणार आहे. तिच्या घरमालकाकडे कोंबड्या आहेत, हेही बोलता बोलता सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मग तुम्हाला जाता यायचं नाही आजी. कोंबडीला हात लावलात तुम्ही. घरमालकाच्या सगळ्या कोंबड्या झोपवाल. हिच्या खपल्या गळेपर्यंत इथेच थांबा.”

“हा नियम आहे?”

“नियमच समजा.”

नियम म्हटल्यावर ताईचं काही चालेना. पेंटरने तोंड फिरवून घेतलं, नाहीतर त्याचा आनंद दिसला असता.

त्या दिवसापासून घरात आवाज आला. ताईने आधी खडू काढला. तो तिच्या पर्समध्ये असायचाच, दुसऱ्या बायका आरसा ठेवतात तसा. पाटीवरच्या चारही चुका तिने सुधारल्या, आणि वेलही कापली, त्यामुळे गल्लीला अखेर कळलं, की रोग कोंबडीला आहे. लोक हसले. दूधवाला दोन दिवस पेंटरच्या नजरेला नजर देईना. पण पाटी होती तोवर बाकावर बसायची सवय कुणी मोडली नाही. आता तर दोन दोन वन्स बघायला माणसं यायची.

सकाळी ताई कोंबडीला पदरात गुंडाळून घट्ट धरायची आणि पेंटर कापसाच्या बोळ्याने डोळा पुसायचा. ताई भरवायची, तेही शिस्तीत. “आ कर. सांडायचं नाही. पुन्हा.” कोंबडी तिला टोचायची, ती कोंबडीला दटावायची. मधल्या वेळात पेंटरची शिकवणी. “सूचनेचा सू?” “दीर्घ.” “साथीचा थी?” “दीर्घ. ताई, सगळेच दीर्घ असतात का गं?” “विषाणूचा षा सोडून बघ.” “वि ऱ्हस्व... णू दीर्घ?” “बघ, येतं की. चाळीस वर्षं काय करत होतास?”

एका संध्याकाळी दोघं बाकावर बसली होती. कोंबडी पेंटरच्या मांडीवर होती. पेंटरने चाचरत विचारलं, “ताई, हे बाकावरचं... अजून खुपतं का?”

“पाठ टेकली की दिसत नाही,” ताई म्हणाली. मग तिने खडूची बोटं पदराला पुसली. “त्या दिवशी मला रडू फुटत होतं रे. आणि मला रडताना बोलता येत नाही. चुका काढताना येतं. म्हणून काढली.”

“मला वाटलं, तुला काहीच वाटलं नाही.”

“मला तिच्याशिवाय हसणारं कोण होतं?”

पेंटरने कोंबडी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. ताईने बाकाच्या त्या शब्दाला खडू कधीच लावला नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. वन्स बऱ्या व्हायला लागल्या. पहिली खपली गळली तेव्हा ताईने टाळी वाजवली, पेंटरने नाही. तो रोज उठून तुरा बघायचा. एरवी माणूस रोग कमी झाला की खूश होतो. हा मात्र आणखी एक खपली कमी झाली की अर्धी भाकरी कमी खायचा. एके सकाळी डाव्या डोळ्याची पापणी सुटली. वन्सनी तो डोळा उघडला, आवार नजरेखालून घातलं, आणि ताईच्या चपलेला टोच मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शाब्बास. एकही कोंबडी गेली नाही. पाटी काढा आता, आणि आजींना मोकळं करा.”

“एखादी खपली राहिली असेल,” पेंटर म्हणाला. “नीट बघा.”

“एकही नाही काका.”

ताईने पिशवी भरली. पेंटर तिला बसपर्यंत पोचवायला गेला. काय बोलायचं, ते त्याने रस्ताभर जुळवलं होतं. ‘ताई, तू इथेच राहा.’ एवढंसं वाक्य. पण बस सुटेपर्यंत तो डासांबद्दलच बोलत राहिला. ताईही खिडकीतून, “डबक्यात पाणी साचू देऊ नकोस,” एवढंच म्हणाली.

पाटी निघाली आणि दोन दिवसांत बाक रिकामा झाला. वाईट कुणी नव्हतं. पाटी नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं लोकांना वाटलं, एवढंच. पोस्टमास्तर पुन्हा घड्याळात बघू लागले. पेंटर वन्सशी बोलला, वन्सनी हरकत घेतली, पण आता त्याला त्या ‘क्वॉक’मध्ये काहीतरी कमी वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याने पत्रा पुन्हा घासला.

नवी पाटी काढायची होती, आभाराची. आणि ती चुकवायची होती. आता गंमत अशी, की चुकवणंच जमेना! ‘सू’ म्हटलं की हात आपोआप दीर्घाकडे वळायचा. दोनदा टर्पेंटाइनने पुसलं. शेवटी शाळेतलं पोर नक्कल करताना जीभ बाहेर काढतं तशी जीभ काढून त्याने एकेक अक्षर लिहिलं:

सुचना
कोंबड्या बऱ्या झाल्या. आभारि आहे
आत यायला हरकत नाहि

पाटी बांधली आणि समोरच्या काकूंना हाक मारली. “काकू, फोटो काढता का? ग्रुपवर टाका. आणि हे बघा, या वेळी सगळी अक्षरं आली पाहिजेत.”

फोटो गेला. लोकांनी अंगठे पाठवले. ताईचं काहीच आलं नाही. एरवी ग्रुपवर कुणाची एक वेलांटी चुकली, तर त्याचा चहा निवायच्या आत बाईंची दुरुस्ती येऊन पडायची. दुपार झाली. पेंटर फोन मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला. तिला कळलं असेल, की मुद्दाम केलंय. रागावली असेल. नाहीतर तिने बघितलंच नसेल.

दिवे लागायच्या वेळी फोन वाजला. ग्रुपवर नाही, त्याच्या एकट्याच्या नावावर. ताईचं होतं.

‘उद्या सकाळच्या बसने मि येते. राहायला. चुक असेल तर सांग.’

पेंटरने वाचलं आणि तो ताडकन उभा राहिला. ‘मि’? ऱ्हस्व? ‘चुक’ही ऱ्हस्व? ताईने? त्याच्या पहिल्यांदा मनात आलं, की तिला नक्की काहीतरी झालंय, डोक्यात ताप गेलाय, आत्ताच्या आत्ता बस पकडायला हवी. तो चप्पल शोधायला लागला. मग थांबला. पुन्हा वाचलं. आणि मग रस्त्यावर, एकटाच, इतका हसला, की समोरच्या काकू गॅलरीत आल्या.

“काय हो, परत बरं वाटत नाही का?”

“बरं वाटतंय काकू,” पेंटर डोळे पुसत ओरडला. “खूप बरं वाटतंय.”

मग तो खाली बसला आणि रंगाने माखलेल्या बोटाने उत्तर लिहायला लागला. दीर्घ उकार फोनवर कुठे असतो, ते त्याला ठाऊक नव्हतं. शोधायला वेळ लागला, पण सापडला. ‘चूक नाही,’ त्याने लिहिलं, आणि दोन्ही शब्द दोनदा तपासले. मग पुढे आणखी एक शब्द लिहिला, ज्यात चुकायला जागाच नव्हती.

‘ये.’